चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बहुविध संज्ञापन

बहुविध संज्ञापन म्हणजे उच्चारित शब्दांबरोबरच हातवारे, नजर, चेहऱ्यावरील भाव, मान हलविणे, आवाजाचा चढउतार, शरीराची ठेवण आणि भोवतालच्या वस्तू यांच्या एकत्रित आधाराने होणारी अर्थाची देवाणघेवाण होय. समोरासमोरच्या संभाषणात मनुष्य केवळ कानांनी ऐकत नाही; डोळ्यांनी मिळणारी माहिती आणि कानांनी मिळणारी माहिती मेंदू एकाच वेळी जुळवून अर्थ लावतो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, कोलामी, तेलुगू, छत्तीसगढी, हलबी आणि बंगाली या भाषा व बोली शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे शब्दांखेरीजच्या संकेतांना येथील दैनंदिन व्यवहारात विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे. आरोग्यसेवा, शालेय शिक्षण, ग्रामसभा, रंगभूमी आणि जंगलातील वावर या क्षेत्रांत ते प्रकर्षाने दिसून येते. आजारी अर्भकाच्या आईचे म्हणणे आरोग्य कर्मचाऱ्याला वेळीच उमगणे हा येथे भाषाशास्त्राइतकाच जीवनमरणाचाही प्रश्न ठरतो.

## भौगोलिक व भाषिक पार्श्वभूमी

पूर्वी चांदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२,०४,३०७, तर गडचिरोली जिल्ह्याची १०,७२,९४२ होती. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून त्यातील सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आहे.

या प्रदेशातील मराठी भाषक बहुतांशी झाडीबोली बोलतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग मिळून 'झाडीपट्टी' हा सांस्कृतिक प्रदेश होतो. झाडीबोलीत प्रमाण मराठीतील 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'र' येतो, उदा. 'डोळा' या शब्दाचे 'डोरा' असे रूप होते. या बोलीच्या अभ्यासात डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते.

गोंडी ही द्राविड भाषाकुलातील दक्षिण-मध्य शाखेची भाषा असून २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २९.८ लाख लोकांनी तिची मातृभाषा म्हणून नोंद केली. भामरागड, एटापल्ली व अहेरी या तालुक्यांत माडिया गोंड समाजाची माडिया बोली प्रचलित आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती, राजुरा व कोरपना या तालुक्यांत कोलाम समाजाची वस्ती असून कोलामी ही द्राविड कुलाच्या मध्य शाखेतील भाषा आहे. माडिया गोंड आणि कोलाम या दोन्ही समाजांचा समावेश महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होतो. कातकरी हा तिसरा गट आहे. गोदावरीकाठच्या सिरोंचा तालुक्यात तेलुगूचा, कोरची परिसरात छत्तीसगढीचा, तर मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतील निर्वासितांच्या वसाहतींत बंगालीचा वापर होतो.

मराठी ही इंडो-आर्य कुलातील, तर गोंडी, माडिया, कोलामी व तेलुगू या द्राविड कुलातील भाषा आहेत. मराठी आणि हिंदी यांच्यात जसा शब्दसंग्रहाचा मोठा समान साठा आढळतो, तसा मराठी आणि माडिया यांच्यात आढळत नाही. म्हणूनच दुसऱ्या भाषेच्या माणसाशी बोलताना केवळ शब्दांच्या साम्यावरून अर्थाचा अंदाज बांधणे येथे कठीण जाते.

## संकल्पना

भाषेचा अभ्यास दीर्घकाळ लिखित मजकूर किंवा ध्वनिमुद्रित वाक्ये यांच्या आधारे झाला. हातवारे हे बोलण्याला जोडून येणारे, पण भाषेबाहेरचे अंग मानले जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲडम केंडन आणि डेव्हिड मॅकनील यांच्या संशोधनामुळे हा दृष्टिकोन बदलला. मॅकनील यांनी १९९२ मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथात वाणी आणि हातवारे ही एकाच विचारप्रक्रियेची दोन अंगे असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या वर्गीकरणानुसार हातवाऱ्यांचे चार मुख्य प्रकार मानले जातात :

* चित्रदर्शक – वस्तूचा आकार किंवा क्रियेची तऱ्हा दाखविणारे, उदा. कुऱ्हाड चालविल्याचा अभिनय.
* रूपकात्मक – अमूर्त कल्पनेला आकार देणारे, उदा. दोन पर्याय दोन तळहातांवर तोलून दाखविणे.
* निर्देशक – बोटाने, मानेने किंवा नजरेने वस्तू अथवा दिशा दाखविणारे.
* तालदर्शक – बोलण्याच्या लयीबरोबर हलणारे व महत्त्वाच्या शब्दावर भर देणारे.

यांखेरीज होकार, नकार, 'थांब', 'ये' यांसारखे समाजमान्य संकेत असतात. त्यांचा अर्थ समाजागणिक बदलू शकतो. मान दोन्ही बाजूंना हलकेच झुकवून होकार किंवा 'ऐकतो आहे' असे दर्शविण्याची भारतातील पद्धत परक्या व्यक्तीला नकारासारखी भासते, हे त्याचे परिचित उदाहरण होय.

हातवारे केवळ ऐकणाऱ्यासाठी असतात असे नाही. जन्मांध व्यक्तीही बोलताना हातवारे करतात आणि समोरचा श्रोता अंध आहे हे माहीत असतानाही करतात, असे जाना आयव्हरसन व सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. यावरून हातवारे हे बोलणाऱ्याच्या विचार करण्याच्या क्रियेशीही निगडित असल्याचे स्पष्ट होते.

## मेंदूतील भाषाप्रक्रिया

### दृष्टी आणि श्रवण यांचा मेळ

१९५४ मध्ये विल्यम संबी व अर्विन पोलॅक यांनी असे दाखविले, की गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असल्यास शब्द अधिक अचूक ओळखता येतात. गोंगाट जितका जास्त, तितका चेहरा दिसण्याचा उपयोग अधिक. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी 'बा' या ध्वनीवर 'गा' उच्चारणाऱ्या ओठांचे चित्रण जोडून दाखविले असता अनेक श्रोत्यांना 'दा' ऐकू आले. 'मॅकगर्क परिणाम' या नावाने हा शोध प्रसिद्ध आहे. ओठांचे दृश्य हे ऐकण्याला नंतर जोडले जात नसून ऐकण्याच्या क्रियेतच मिसळते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

### शब्द आणि हातवारे यांचे एकत्र आकलन

वाक्यात अर्थाच्या दृष्टीने विसंगत शब्द आल्यास त्यानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात एक विशिष्ट ऋण तरंग उमटतो. मार्ता कुटास व स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये त्याचा शोध लावला. असली ओझयुरेक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वाक्याशी विसंगत हातवारे दाखवून हाच प्रयोग केला, तेव्हा विसंगत शब्दाप्रमाणेच विसंगत हातवाऱ्यालाही मेंदूने त्याच प्रकारचा व त्याच सुमारास प्रतिसाद दिला. वाणी आणि हातवारे यांचा मेळ घालण्यात मेंदूच्या डाव्या गोलार्धातील पुढच्या खालच्या भागाचा, ज्यात ब्रोका क्षेत्र येते, आणि कानशिलाच्या मागील भागाचा सहभाग असल्याचे आढळले आहे.

### बोलण्याची पाळी

संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत जाणारा वेळ अत्यल्प असतो. तान्या स्टिव्हर्स, स्टीफन लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी जगातील दहा भाषांचा अभ्यास करून २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार प्रश्न व उत्तर यांमधील अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, एवढेच असते. याउलट चित्र पाहून एक साधा शब्द उच्चारण्यासाठीदेखील मेंदूला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ असा, की श्रोता समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच त्याचा शेवट ताडतो आणि आपले उत्तर जुळवू लागतो. या अंदाजाला दृश्य संकेतांची मदत होते. प्रश्न विचारणारा श्रोत्याकडे पाहत असल्यास उत्तर अधिक लवकर मिळते, असेही याच अभ्यासात बहुतेक भाषांबाबत आढळले. ज्युडिथ हॉलर आणि लेव्हिन्सन यांनी २०१९ मध्ये केलेल्या मांडणीनुसार, एकाच वेळी येणारे अनेक संकेत आकलनाला ओझे होत नाहीत. एकमेकांशी जुळणाऱ्या संकेतांचा गट मेंदू एक घटक म्हणून ओळखतो आणि त्यामुळे आकलन सुलभ होते.

## मराठीच्या रचनेतील दृश्य संकेतांचे स्थान

मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. गोंडी, माडिया, कोलामी आणि तेलुगू या भाषांतही तसेच घडते. नकारदेखील बहुधा क्रियापदाला जोडून शेवटी येतो. 'बाळ कालपासून दूध पीत नाही' या वाक्यात सर्वांत महत्त्वाची माहिती देणारा शब्द अखेरीस उच्चारला जातो. हातवारे मात्र संबंधित शब्दाच्या किंचित आधी सुरू होतात, असे अनेक भाषांच्या अभ्यासांत दिसून आले आहे. त्यामुळे वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच मानेच्या हालचालीवरून श्रोत्याला नकाराची चाहूल लागू शकते. 'वाघ नाल्याकडून गायीकडे' एवढे शब्द उच्चारले जात असताना हाताची झेप दिसली, तर 'झेपावला' हे क्रियापद येण्याआधीच घटना डोळ्यांपुढे उभी राहते.

'एवढा', 'इतका', 'असा', 'इथे', 'तिथे' ही मराठीतील नित्य वापरातली पदे दृश्य संकेतावाचून अपुरी राहतात. 'एवढा साप निघाला' हे वाक्य दूरध्वनीवर ऐकणाऱ्याला सापाची लांबी कळत नाही; समोर असलेल्याला दोन हातांमधील अंतरावरून ती तत्काळ कळते. 'इथे दुखते' या वाक्याचा अर्थ तर पूर्णपणे बोटाच्या टोकावर अवलंबून असतो.

'आपण' आणि 'आम्ही' हा भेदही उल्लेखनीय आहे. 'आपण'मध्ये श्रोत्याचा समावेश होतो, 'आम्ही'मध्ये होत नाही. प्रमाण हिंदीत दोहोंसाठी 'हम' हे एकच सर्वनाम असल्याने हिंदीच्या सवयीने मराठी बोलणाऱ्याची येथे गल्लत होते. श्रोत्याला सामावून घेणारा हात किंवा नजर अशा वेळी हा भेद स्पष्ट करते.

## आरोग्यसेवा

### शोधग्राम

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेली 'सर्च' ही संस्था १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात कार्यरत आहे. धानोरा तालुक्यातील चातगावजवळ 'शोधग्राम' हा तिचा परिसर आहे. आदिवासी लोक रुग्णालयात का येत नाहीत याची विचारणा केली असता त्यांनी सांगितलेल्या कारणांत भाषा न समजण्याबरोबरच इमारतीची भीती आणि डॉक्टर व परिचारिकांचे पांढरे कपडे यांचाही समावेश होता. आदिवासी समाजात मृतदेहाला पांढरे वस्त्र गुंडाळतात. मृताचा वेष करणारे जीव कसा वाचवतील, असा त्यांचा प्रश्न होता. पांढरा डगला शहरी रुग्णाला स्वच्छतेची व अधिकाराची खूण वाटतो, तर येथील रुग्णाला तो मृत्यूची खूण वाटला. यानंतर लोकांच्या सल्ल्याने आदिवासी घरांच्या धर्तीवर झोपड्यांचे रुग्णालय उभारण्यात आले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. एकही शब्द उच्चारला जाण्यापूर्वी वेष, इमारत आणि नाव यांतून संदेश पोहोचलेला असतो, हे या उदाहरणातून दिसते.

### श्वासमापक

न्यूमोनिया झालेल्या बालकाचा श्वास जलद होतो. दोन महिन्यांखालील बालकाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, तर दोन ते बारा महिन्यांच्या बालकाचा ५० किंवा अधिक असल्यास तो जलद मानला जातो. गावातील सुईणी या कामात सर्वांत उपयोगी पडण्यासारख्या होत्या. परंतु त्यांच्यापैकी अनेकींना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजण्याची सवय नव्हती आणि घड्याळ वापरता येत नव्हते. यावर उपाय म्हणून 'सर्च'ने एक साधा श्वासमापक तयार केला. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळ एका वयोगटासाठी असते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी ओळीतील लाल मणी सरकविण्याची वेळ आली, तर बालकाला न्यूमोनिया असल्याचे समजायचे.

या साधनात संख्येचे रूपांतर बोटांच्या हालचालीत आणि रंगात केले आहे. बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत मोजण्याच्या रीतीशी ते जुळते. सुईणीला आकड्याचे नाव उच्चारावे लागत नाही आणि आईलाही निष्कर्ष ऐकून घ्यावा लागत नाही. लाल मणी दोघींना एकाच वेळी दिसतो. त्यामुळे औषध देण्याचा निर्णय दोघींच्या डोळ्यांसमोर होतो.

### नवजात बालकांची घरोघरी काळजी

नवजात बालकांचे मृत्यू रोखण्यासाठी 'सर्च'ने गावातीलच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण दिले. ३९ गावांत हा प्रयोग राबविण्यात आला आणि ४७ गावांशी त्याची तुलना करण्यात आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा कार्यक्रम देशभर राबविण्यात येऊ लागला.

या पद्धतीत जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी वापरली जाणारी लक्षणे बहुविध संज्ञापनाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. आधी नीट असलेले रडणे क्षीण होणे, दूध ओढणे मंदावणे, हातपाय ढिले पडणे, छाती आत ओढली जाणे इत्यादी खुणा आरोग्यदूताने डोळ्यांनी, कानांनी व स्पर्शाने ओळखायच्या असतात. बालकाला भाषा नसते, तरी त्याचे शरीर माहिती देत असते. ती माहिती आईने पाहिलेली असते, मात्र वैद्यकीय शब्दांत तिला ती सांगता येत नाही. आरोग्यदूत त्याच गावची आणि आईची बोली बोलणारी असल्याने आईने हाताने करून दाखविलेले लक्षण ती प्रशिक्षणात शिकलेल्या लक्षणाशी जोडू शकते. 'काल असे रडत होते, आज असे' या वाक्यातील दोन्ही 'असे' केवळ आवाजाच्या नकलेतून समजतात. कागदावर लिहिले असता ते निरर्थक ठरतात.

### हेमलकसा

बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे आरोग्यसेवा उभारली. या कार्यासाठी दोघांना २००८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरंभीच्या काळात माडिया लोकांना मराठी येत नव्हती आणि डॉक्टरांना माडिया येत नव्हती. ती बोली शिकून घेतल्यावरच रुग्णांशी मोकळा संवाद शक्य झाला.

सामाईक भाषा नसताना निर्देशक हातवारे बऱ्याच अंशी उपयोगी पडतात. दुखरी जागा, लहान-मोठा आकार, झोप, खाणे, उलटी यांसारख्या गोष्टी अभिनयाने सांगता येतात. मात्र 'किती दिवसांपासून', 'औषध अर्धेच घेतले का', 'पूर्वी असे झाले होते का' या प्रश्नांना काळ, अट आणि नकार यांची आवश्यकता असते व तेथे हातवारे अपुरे पडतात. हातवारे भाषेला पूरक ठरतात, पण तिची जागा घेऊ शकत नाहीत. म्हणून दुर्गम भागातील आरोग्यसेवेत स्थानिक बोली जाणणाऱ्या कर्मचाऱ्यांची गरज कायम राहते.

## शिक्षण

बालके साधारणपणे पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, बहुधा पहिला शब्द बोलण्याआधी, बोटाने वस्तू दाखवू लागतात. बोट आणि नजर यांच्या साहाय्याने मोठ्यांचे लक्ष एखाद्या वस्तूकडे वेधणे, ही भाषा शिकण्याची पहिली पायरी मानली जाते. घरात माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल मराठी माध्यमाच्या शाळेत आल्यावर जवळपास याच पायरीपासून नवी भाषा शिकू लागते. शिक्षकाचे बोट, फळ्यावरील चित्र, प्रत्यक्ष वस्तू आणि कृती यांच्या आधाराने ते शब्दांचा अर्थ लावते. शिक्षक पाठ फिरवून केवळ वाचून दाखवू लागला, की हा आधार नाहीसा होतो.

ब्रेकिनरिज चर्च व सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की काही मुले उत्तर चुकीचे सांगत असतानाही त्यांच्या हातवाऱ्यांतून योग्य कल्पना व्यक्त होत असते आणि अशी मुले शिकविल्यावर लवकर शिकतात. दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे निरीक्षण उपयुक्त आहे. शब्द न सापडल्याने गप्प बसलेले मूल हाताने उत्तर देत असल्यास त्याला विषय समजलेला नाही असे म्हणता येत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क नुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याचा प्रयत्न राज्यांनी करावयाचा आहे. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषेच्या माध्यमाची तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण देण्याची शिफारस केली आहे. गोंडीचा समावेश मात्र राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झालेला नाही. लोकबिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा १९७६ मध्ये सुरू झाली. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेच्या पुढाकाराने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची पारंपरिक गोटुल शाळा सुरू झाली. गोटुल ही गोंड समाजातील सामूहिक जीवनशिक्षणाची जुनी संस्था असून तेथे गाणे, नृत्य, कथा व प्रत्यक्ष काम यांतून ज्ञान पुढच्या पिढीकडे जाते. रेला गीतांत एकमेकांना धरून रांगेत नाचताना शब्द, सूर आणि पावले एकत्रच शिकली जातात.

## ग्रामसभा

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडी भाषक गाव ग्रामसभेच्या कारभारासाठी देशभर ओळखले जाते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रयोगाशी जोडलेली आहेत. वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याचा समावेश होतो. हा हक्क त्याला २००९ मध्ये मिळाला. या गावात निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतले जातात.

बहुमताच्या पद्धतीत वर केलेले हात मोजले की काम भागते. सर्वसहमतीत प्रत्येकाची संमती खरी आहे का, हे पाहावे लागते. गप्प बसलेली व्यक्ती सहमत आहे, अनिश्चित आहे की नाराज आहे, हे तिच्या नजरेवरून, बसण्याच्या ढबीवरून आणि होकार देण्यास लागलेल्या वेळावरून ओळखता येते. संभाषणाच्या अभ्यासांत होकारार्थी उत्तरे सामान्यतः लवकर आणि नकारार्थी उत्तरे थोड्या विलंबाने येत असल्याचे दिसून आले आहे. हा विलंब श्रोत्यांना अर्थपूर्ण वाटतो. सगळे एकमेकांना दिसतील असे गोलात बसण्याच्या रीतीचा येथे प्रत्यक्ष उपयोग होतो. सरकारी अधिकारी मंचावर आणि ग्रामस्थ रांगेत अशी मांडणी असल्यास बोलणाऱ्याला श्रोते दिसतात, पण श्रोत्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत.

## झाडीपट्टी रंगभूमी

दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास संपणारा झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे नाट्यमंडळांचे प्रमुख केंद्र असून मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी प्रयोग होतात. दंडार आणि खडी गंमत या लोककलांशी या रंगभूमीचे नाते आहे. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

रात्री उशिरा सुरू होणारे हे प्रयोग पहाटेपर्यंत चालतात आणि उघड्यावरील मोठ्या प्रेक्षकसमुदायासमोर होतात. मागे बसलेल्या प्रेक्षकाला नटाच्या ओठांची हालचाल दिसत नाही. म्हणून अर्थ पोहोचविण्याचे काम मोठे हातवारे, ठळक रंगभूषा, आवाजाची फेक आणि संगीताची साथ यांच्याकडे येते. शहरी समीक्षकाला भडक वाटणारी ही अभिनयशैली अंतर आणि गोंगाट यांवर मात करणारी संज्ञापनाची पद्धत म्हणूनही पाहता येते.

## जंगलातील संकेत

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ मध्ये घोषित झालेले महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान असून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये अस्तित्वात आला. वन्यप्राण्यांच्या सान्निध्यात बोलण्याचे नियम बदलतात. चितळ, सांबर किंवा वानर यांचा धोक्याचा आवाज कानी पडताच वाटाडे बोलणे थांबवून हाताच्या इशाऱ्यावर येतात. कानांनी प्राण्याचा आवाज ऐकायचा असल्याने आपापसांतील संज्ञापन डोळ्यांवर सोपविले जाते.

मोहफुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्यांची स्थिती याच्या उलट असते. वाकून काम करणाऱ्याला सोबती दिसत नाही आणि दाट झाडीमुळे नजर अडते. अशा वेळी गटाने राहून अधूनमधून एकमेकांना हाका देणे सुरक्षिततेचे ठरते. येथे हाकेतील शब्दांपेक्षा आवाजाची दिशा, अंतर आणि प्रतिसाद मिळणे न मिळणे हाच संदेश असतो. उत्तरादाखल हाक आली नाही, हीदेखील माहितीच असते.

## सांकेतिक भाषा

कर्णबधिर समुदायाच्या सांकेतिक भाषा या हातवाऱ्यांचा संग्रह नसून स्वतंत्र व्याकरण असलेल्या पूर्ण भाषा आहेत. त्यांत हातांच्या आकाराबरोबर भुवया, ओठ, मान आणि जागेचा वापर यांना व्याकरणिक मूल्य असते. हॉवर्ड पॉइझनर, एडवर्ड क्लिमा व उर्सुला बेलुगी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार डाव्या गोलार्धाला इजा झाल्यास सांकेतिक भाषेचा वापरही वाणीप्रमाणेच बिघडतो. भाषा ही केवळ आवाजाशी बांधलेली नाही, याचा हा सबळ पुरावा मानला जातो. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये नवी दिल्ली येथे स्थापन झाले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्यातील संज्ञापनाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचाही अंतर्भाव आहे.

## दूरध्वनी व लिखित माध्यमे

दूरध्वनीवर चेहरा व हात दिसत नाहीत. लिखित मजकुरात आवाजही नसतो. प्रामुख्याने मौखिक परंपरेत वाढलेल्या भाषांना लेखनाकडे जाताना हा तोटा भरून काढावा लागतो. गोंडी महाराष्ट्रात देवनागरी लिपीत लिहिली जाते. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी एक स्वतंत्र लिपी तयार केली. चंद्रपूरला लागून असलेल्या तेलंगणातील आदिलाबाद भागात गुंजाला गोंडी ही आणखी एक लिपी प्रकाशात आली. या दोन्ही लिपींचा आता युनिकोडमध्ये समावेश आहे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० मध्ये सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वरा' या उपक्रमाने वेगळा मार्ग स्वीकारला. त्यात साध्या भ्रमणध्वनीवरून आपल्या बोलीत बातमी नोंदविता व ऐकता येते. लिपीची अट गळून पडल्याने निरक्षर व्यक्तीलाही त्यात भाग घेता आला.

दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देताना मात्र 'इथे', 'एवढे', 'असे' ही पदे निरुपयोगी ठरतात. अशा वेळी 'बेंबीच्या वर', 'बोटाच्या पेराएवढे', 'सकाळपासून तीनदा' अशा शब्दांत माहिती काढून घ्यावी लागते. ज्या ठिकाणी रुग्णालय दूर असते आणि पावसाळ्यात नदीनाल्यांमुळे वाट बंद होते, तेथे हे कौशल्य प्रशिक्षणाचा आवश्यक भाग ठरते.

## हेही पहा

* झाडीबोली
* गोंडी भाषा
* माडिया गोंड
* झाडीपट्टी रंगभूमी
* लोकबिरादरी प्रकल्प
* मेंढा (लेखा)
* ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प
* भारतीय सांकेतिक भाषा